बोथट

विल्फ थॅकरेच्या प्रगतिपुस्तकात
भूमितीच्या मास्तरांनी एकच शब्द लिहिला होता:
ऑब्ट्यूज.
आईला वाटलं, कोनांत पोरगं पहिलं आलं.
शेकोटीवरच्या फळीवर, घड्याळाला टेकवून
तिने तो कागद आठवडाभर मिरवला.
मग मिसेस ॲगरने कुंपणावरून सांगितलं,
माणसाला लावला की त्याचा अर्थ मठ्ठ.

आता सत्तरी उलटली. व्हिटबीच्या धक्क्यामागे
विल्फ होड्या बांधतो.
गुण्या खिळ्याला टांगलेला, गंजलेला;
होडीत काटकोनाला काय काम?
कण्यापासून फळी एकशे बारा अंशांवर उघडते,
पुढे एकशे अठरा. पेन्सिल ओली करून
तो आकडा लाकडावरच लिहितो.
काही विचारलं तर
चहा निवेपर्यंत उत्तर येत नाही.

आमच्याकडे त्याला विशालकोन म्हणतात, मी म्हटलं.
रंधा थांबला.
"म्हणजे?"
मोठा. ऐसपैस. पाय पसरून बसलेला.
"आणि माणसाला?"

माणसासाठी आमच्याकडे वेगळे शब्द आहेत, म्हटलं.
आणि ते त्याला सांगितले नाहीत.

त्याने ढलप्या फुंकरल्या.
बराच वेळ.