शिट्टी

मिरकरवाड्याच्या चौकीतून मला मिळाली
एक शिट्टी, एक बिल्ला, सह्यांची वही.
भाटकरबाई म्हणाल्या, होडेकरचाचा,
आजपासून तुम्ही आमचे डोळे.
मी म्हटलं, बाई, जाळ्यातली गाठ दिसते अजून,
माणसातली दिसेलच असं नाही.

धक्क्यावर नवा कोण, कोणाची होडी बिननंबरी,
कोणाचा डिझेलचा कॅन रात्रीत हलका झाला,
हे आम्हाला वासावरून कळतं.
वहीत मात्र नाव लिहावं लागतं.

तिसऱ्या रात्री कॅन उचलताना दिसला
जनू डोर्लेकराचा धाकटा.
त्याच जनूचा, ज्याने मला
तुफानात केसांना धरून होडीत ओढलं होतं.
शिट्टी ओठांपर्यंत आली.
फुंकली नाही.
खाकरलो फक्त.
पोराने कॅन खाली ठेवला,
झोपलेलं मूल ठेवावं तसा.

सकाळी बाईंनी वही मागितली.
रात्री काही?
ओहोटी होती, मी म्हटलं.

कोऱ्या पानाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.
मग सही केली.
डोर्लेकराच्या पोराला संध्याकाळी चौकीमागे पाठवा,
व्हॉलीबॉलला एक गडी कमी पडतो.

निघता निघता वळल्या,
आणि चाचा,
शिट्टी घेऊन या.