कडक की मऊ

सुरू होतं. दहा मिनिटं नीट चालतं.
मग पूर्ण वेग दिला की आचके देतं
आणि मटकन बसतं.

कस्कोक्विमच्या वळणावर, रेतीच्या जिभेला नाव टेकवून
नास्तासियाने रेडिओचं बटण दाबलं
आणि कुणाचंच नाव न घेता म्हणाली,
कुणी ऐकतंय का?

सगळं गाव ऐकत होतं.
सप्टेंबरच्या संध्याकाळी दुसरं काय असतं,
कुणाला शिकार मिळाली, कुणाचं पेट्रोल संपलं,
कुणाचं पोर अजून घरी आलं नाही.

झकरायस म्हणाला, प्लग बदल.
शाळेतली स्वयंपाकीण म्हणाली, पेट्रोल शिळं असणार,
तिच्या नवऱ्याचंही असंच झालं होतं,
मग त्याने नवं इंजिन घेतलं
आणि तेही बुडवलं.

त्यानंतर बराच वेळ नुसती खरखर.
खरखर सगळ्यांची सारखीच,
पण दोन वर्षं न बोललेल्या भावाचं गप्प बसणं
कुठूनही ओळखू येतं.

हे चाळीस घोड्यांचं इंजिन
दोघांपैकी कुणाचं, ते वडील सांगून गेले नाहीत.
तिने नेलं. एवढंच झालं.
बाकीचं तोंडांनी केलं.

"मागून पाण्याची पिचकारी येते का?"
वासिलीच होता.
येते.
"हात लाव. चटका बसतो?"
नाही. कोमट.
"प्लग काढून बघ. काळे ओले, की फिकट?"
बोटं गारठलेली. पाना दोनदा निसटला,
दुसऱ्यांदा नखासकट.
फिकट.
"मग ठिणगी आहे. पाणी फिरतंय.
उपाशी आहे ते."
त्याचं निदान नेहमी असंच, जेवणाखाणावरून.

रेडिओचं एक बरं असतं,
एकाने बटण धरलं की दुसऱ्याला बोलताच येत नाही.
घरात ही सोय नव्हती.
दफनाच्या दिवशी तर नव्हतीच.

"नळीवरचा रबरी फुगा दाब. कडक की मऊ?"
तिने दाबायला हात नेला.
दाबण्यासारखं काही उरलंच नव्हतं.
चपटा आहे, ती म्हणाली. आत ओढला गेलाय.

खरखर.
मग सावकाश, जणू तिथे कुणी झोपलंय,
"टाकी बघ."

लाल टाकीचं पोट खपाटीला गेलेलं.
झाकणावरचा हवेचा स्क्रू गच्च बंद.
कुणी बंद केला, ते तिला ठाऊक होतं.
सकाळीच,
वाळवलेल्या सामनच्या पोत्यांना पेट्रोलचा वास लागू नये म्हणून,
वडिलांची पक्कड घेऊन,
आणि वर एक फेरा जास्तीचा.

एका हाताने तिने स्क्रू फिरवला.
दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर तसाच राहिला होता.
टाकीने स्स्स करत हवा ओढली, पत्रा टणकन बाहेर आला,
आणि तो आवाज बेचाळीस घरांत गेला.

"सापडलं का काही?" झकरायस.
"फिल्टरमध्ये कचरा होता," नास्तासिया म्हणाली. "बारीकसा."

फिल्टर कधी सुस्कारा टाकत नाही
हे वासिलीला कळतं. वयाच्या नवव्या वर्षापासून कळतं.
तो म्हणाला, "असतो कचरा.
नदी गढूळ आहे यंदा."

तिने फुगा दाबत नेला, कडक होईपर्यंत,
आणि दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला लागलं.

"वरच्या वळणाला वाळू साठलीय," तो म्हणत होता,
"डाव्या काठाने ये."
इंजिन चालू असताना रेडिओ ऐकू येत नाही,
ते कुणालाही विचारा.

पण मासे सुकवायच्या मांडवाजवळ जे उभे होते
ते सांगतात, नाव डाव्या काठाने आली,
काठाला अगदी खेटून, पूर्ण वेगात,
चाळीसपैकी अडतीस घोडे तरी जागेवर होते.

झकरायस अजूनही म्हणतो, प्लगच होते.