तीनशे मीटर

नवतपा लागलाय. कुलरच्या पाण्याला
वाळ्याचा नाही, गंजाचा वास.
टेबलावर मी एक कारखाना उघडून बसलेय:
एकशे बारा पानं, रशियनमधून मराठीत,
शब्दाला सव्वा रुपया.
कोणाला हवाय हा इतिहास, एजन्सीनं सांगितलं नाही.

बाबा पलंगावर. शालिक गजघाटे, फिटर,
मोतीबाग वर्कशॉप, छोटी लाईन, छत्तीस वर्षं.
डोळ्यांत मोतीबिंदू पिकतोय, कान शाबूत.
"वाच व," म्हणतात. "बोल्ट कितीचा, तेबी वाच."

पहिल्या पानावर नदी. वळणावर धरण,
दोघे व्यापारी भाऊ, लोखंडाची भट्टी,
आणि मजूर, गावांसकट विकत घेतलेले.
बाबा उठून बसतात.
"गावांसकट? मंग सुटीत जाचं कुठी?"
पानावर उत्तर नाही. मी पाणी पिते.

पुढं लोखंड होड्यांत भरतात.
बर्फ वितळेस्तोवर धरणाचं दार बंद,
मग एका दिवशी उघडतात, आणि सगळ्या होड्या
पुरावर सोडून देतात. दहातल्या दोन खडकावर.
बुडालेल्या लोखंडाची नोंद आहे, पुडापुडाची.
नावाड्यांची नाही.

शतक बदलतं. आता रेल्वेचे डबे.
"डबा" लिहिताना दर वेळी हात थबकतो.
आमच्या घरी डबा आधी पितळी, तीन खणांचा,
सायकलच्या हँडलला, वरच्या खणात अंबाडीची भाजी;
नंतर कधीतरी तो सागवानी,
इतवारीहून नागभीडला डुलत जाणारा.

युद्धात डबे थांबतात. तोफगोळे.
लेथवर बायका, आणि पेटीवर उभी केलेली पोरं,
हात पोचावा म्हणून.
एक तेरा वर्षांचा. बोटं राहिली तीन.
बाबा काही बोलत नाहीत,
उजवा हात तेवढा चादरीखाली घेतात.

मग ट्राम.
लाल पोट, दुधी खांदे, वर्षाला पाचशे,
समुद्राकाठच्या शहरांना, वाळवंटातल्या शहरांना,
जिथं जिथं रूळ तिथं तिथं.
कारखान्याच्या गावात मात्र ट्राम नाही.
भिंतीच्या आत तीनशे मीटर रूळ, चाचणीपुरता,
आणि झिनाईदा नावाची एक बाई.
बावीस वर्षं प्रत्येक नवी ट्राम पहिल्यांदा तीच चालवते:
तीनशे मीटर पुढं, तीनशे मीटर मागं,
घंटी वाजवते, ब्रेक मारते, कागदावर सही करते,
आणि चढ चढून पायी घरी जाते.

बाबा हसतात, आधी खोकल्यासारखं, मग खरंच.
"आमचंबी तसंच होतं बाप्पा.
शेडातून यार्डात, यार्डातून शेडात.
नागभीड काई म्या पाह्यलं नाही."
पास होता ना, मी विचारते.
"होता. जाचं कोनाकडं?"

पान शंभर. देश मोडलेला,
पगाराऐवजी पातेली वाटलीत.
कामगार हमरस्त्यावर पातेली मांडून उभे,
ट्रकवाले थांबतात, थांबत नाहीत.
मिलमधल्या मामाला तर पातेलंही मिळालं नव्हतं,
फक्त भोंगा बंद झाला, आणि मामी घड्याळ घ्यायला निघाली.

शेवटच्या पानांत नवं मॉडेल, खालची पायरी बुटकी,
भविष्य उज्ज्वल, तीनदा. मी एकदाच लिहिते.
खिडकीबाहेर कामठी रोडवरून मेट्रो जाते,
भर दुपारी रिकामी, आवाजसुद्धा थंडगार.
"हे कोन बनवते व?" बाबा विचारतात.
मला माहीत नाही.

"त्या बाईचं वाच. पुन्यांदा."
मी वाचते. पुढं, मागं, घंटी, ब्रेक, सही.
ते डोळे मिटून ऐकतात, अंगठा पलंगाच्या लोखंडावर
दोनदा वाजतो.

एजन्सीला कळवायचंय:
पान सत्याऐंशी. मूळ मजकुरात घंटी वाजवत नाही ती.
ते मी घातलंय.
दोन शब्द, अडीच रुपये.
कापून घ्या.