साबणाची पेटी

बाशिकात ऑलिव्हची झाडं अर्धी जळलेली,
अर्धी तशीच, जणू त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं.
मतोच्या दुकानाला दार उरलेलं नाही.
आत अक्रोडी लाकडाची पेटी, कडी घातलेली.
"मी पळालो तेव्हा उघडी होती," तो म्हणतो,
आणि त्या एका वाक्यावर
आमची सगळी सकाळ जाते.

पेटीच्या पाठीशी पातळ पाटी.
समोर तिवईवर यंत्र,
कडेवरच्या पोराएवढ्या वजनाचं.
कडीला हात नाही. धूळसुद्धा झटकायची नाही.
मग वायर सोडत सोडत चाळीस पावलं, भिंतीआड.
सरमद मोजतो, मी बटण दाबते.
तीस टिचक्या.
किरणांना आवाज नसतो, आवाज यंत्राचा;
हे मी प्रत्येक घरमालकाला सांगते.

पडद्यावर पेटी उतरते.
खिळे काळे, बिजागरी काळी,
कडीची जीभ काळी (तार बांधलेली नाही, बरं),
आणि आत रांगेनं वड्या,
पाणी घातलेल्या ताकासारख्या, फिकट.
"साबणच आहे," मतो म्हणतो.
त्याला कसं सांगू,
या किरणांना साबण आणि स्फोटक
सख्ख्या भावांसारखे दिसतात.
मारणारं असतं ते धूसरच.
आम्ही त्याचे सोबती शोधतो:
बॅटरी, स्प्रिंग, केसाएवढी तांब्याची तार,
पेन्सिलीच्या तुकड्याएवढी नळी.

तिसऱ्या रांगेत, एका वडीच्या पोटात
काळा ठिपका. वाटोळा.

सरमद बोलायचा थांबतो.
मतो वाकून बघतो, हसतो,
मग हसल्याची त्याला लाज वाटते.
"दर घाण्याला एका वडीत नाणं टाकायचो मी.
ज्याला सापडेल त्याचं.
पोरं त्यापायी दिवसातून दहादा हात धुवायची."
कुठली पोरं, ते मी विचारत नाही.

पण सांगणं म्हणजे पुरावा नव्हे.
मी परत जाते, यंत्र पेटीच्या कुशीला लावते,
पुन्हा चाळीस पावलं, पुन्हा टिचक्या.
ठिपक्याची रेघ झाली,
नाण्याएवढीच लांब, नखासारखी पातळ.
नळी असती तर लांबली असती.

तरीही झाकण उघडलं ते दोरीनंच, लांबून.
ते आपटलं. चिमण्या उडाल्या.
इतकंच.

निघताना मतोनं एक वडी माझ्या हातावर ठेवली,
न निवडता,
किंवा निवडून; त्याच्या तोंडावरून कळलं नाही.
तिचा फोटो मी काढलेला नाही.
यंत्र खोलीतच असतं, चार्जिंगला लावलेलं.
रोज रात्री हात धुते.
वडी झिजते, कडवट तेलाचा वास येतो,
बोटं मध्यावर जराशी थांबतात.
अजून काही लागलेलं नाही.