कांद्याची पात

बुखाऱ्याच्या आमच्या शाळेत मी हिब्रू शिकवते,
आणि जोडीला जुन्या गोष्टी.
वर्गात तेवीस मुलं. त्यांतला यहुदी एकटा एलियाव,
तोही गेल्या महिन्यापर्यंत.
आता त्याच्या बाकावर बाकीचे दप्तरं टाकतात.

बाकीची मुलं आसपासच्या गल्ल्यांतली, रोजे धरणारी.
उजवीकडून निघणारी अक्षरं त्यांना परकी नाहीत.
“आजीच्या कुराणासारखी,” दिलाफ्रूझ म्हणते
आणि फळ्यावर बिनधास्त हात चालवते.

मी सांगते, शब्बाथ म्हणजे नुसती सुट्टी नव्हे.
शुक्रवारी ऊन भिंतीवर चढायच्या आत
हंडा मंद आचेवर बसवायचा: तांदूळ, मांस, सुकलेले मनुके.
मग विस्तवाला हात नाही.
रात्रभर भात आपला आपण शिजतो.
“आणि करपला तर?” सुहरोब विचारतो.
करपला तर करपलेला खायचा, बाळा.
निम्मा धर्म तिथंच शिकवून झाला.

इतिहासाचं पुस्तक राजांपासून सुरू होतं.
मी मुलांना गल्लीत नेते, दारं मोजायला लावते.
हे निसानोवांचं. दोघे भाऊ रेशीम रंगवायचे,
कोपरापर्यंत निळे हात घेऊनच गेले मातीत.
हे आता हॉटेल आहे.
तोराचं कपाट होतं त्या कोनाड्यात चहाचे पेले.
मुलं वहीत लिहितात: दारं एकतीस, माणसं दोन.
मेहरांगेझ खोडते.
“बाईंना धरून तीन.”

वल्हांडणाच्या रात्री प्रश्न विचारायचे
ते घरातल्या सगळ्यात धाकट्यानं.
आमच्याकडे धाकटी मीच, एकसष्टाव्या वर्षी.
नवरा सदुसष्टचा, त्याचे काका नव्वदीचे, अर्धे बहिरे.
चार वर्षं मीच विचारते, उत्तरंही मीच वाचते.
मास्तरणीला सवय असते म्हणा.

यंदा सुहरोब आला.
आईनं रुमालात बांधून दिलेली गरम नान हातात,
आणि नेमकी याच आठ दिवसांत
खमिराची भाकर आमच्या उंबऱ्याआत चालत नाही.
मी काही बोलायच्या आत
त्यानं ती बाहेर तुतीच्या फांदीला टांगली.
एवढा धडा पाठ होता.

चारही प्रश्न त्यानं न अडखळता विचारले.
मग रीतीप्रमाणे बोचकं खांद्यावर टाकून बाहेर गेला,
दार ठोठावलं.
“कुठून आलास?”
“मिसरहून.”
“कुठं निघालास?”
या दारात आमचं प्रत्येक पोर “यरुशलेम” म्हणालं
आणि न्यूयॉर्कला गेलं.
सुहरोब जरा थांबला.
“कुठंच नाही. मी इथंच राहतो, मशिदीमागं.”

नवरा माझ्याकडे बघत राहिला.
काकांना मात्र कसं कोण जाणे, ऐकू आलं.
त्यांनी ताटातली कांद्याची पात उचलली
(आमच्यात त्या रात्री पातीनं मारतात एकमेकांना,
फेरोच्या चाबकाची आठवण म्हणून)
आणि पोराच्या पाठीत सपकन ओढली.
“चुकलं! बस, जेव.”

सोमवारी वर्गात कांद्याचा वास.
मागच्या बाकावरून कुजबुज:
बाई, आम्हाला कधी मारणार?