चार आणे

सोळा आण्यांची साखळी, तेहतीस फूट.
एक मूठ रेवाप्पाच्या हातात, एक माझ्या.
एकोणतीस वर्षं आम्ही जत तालुका
लोखंडानं मोजत हिंडलो.
साखळी झिजली, तालुका संपला नाही.

इकडं डफळापूर, तिकडं पार उमदी.
मधे माळ, मग माळ, मग एखादी बाभूळ
जिला तीन गावं आपली म्हणतात.
मुरूम इतका वर की कुदळ मारली
तर झिणझिण्या खांद्यापर्यंत.
बोर नदी नकाशात निळी काढायची, असा नियम.
मी काढली.
ओलांडताना वहाणा हातात घेतल्याचं
मला दोनदाच आठवतं.

इतिहास म्हणाल, तर शिवगोंडाच्या हौदावर
एक वीरगळ धुण्याचा दगड होऊन पडला होता.
खाली गाई, मधे गाईंसाठी मेलेला माणूस,
वर तोच माणूस स्वर्गात,
साबणानं नाक झिजलेला.
त्याचं नाव जुन्या कानडीत.
वाचू शकणारे मास्तर विजापूरला निघून गेलेले.
बायका त्याला नुसतं ‘अण्णा’ म्हणत
आणि त्याच्या छातीवर गोधड्या आपटत.

पोरं घरात कानडी, शाळेत मराठी,
भांडताना दोन्ही.
माडग्याळी मेंढीचं पोपटनाक बघायला
लांबून माणसं येत,
मेंढक्याचं नाव कुणी विचारत नसे.
दिवाळी सरली की गाव ट्रकमध्ये चढायचं,
भांडी, कोयते, तान्ही मुलं, कोंबड्या,
कृष्णाकाठच्या उसाकडं.
मग मागं राहिलेल्या कुत्र्यांना
आम्हा दोघांवर भुंकण्यावाचून काम नसे.

आता सांगतो. त्र्याऐंशीचा चैत्र.
बिराप्पा आणि सिद्राया, सख्खे भाऊ,
वाटणीची मोजणी.
ऊन असं की साखळी हातात धरवेना.
माझ्याकडून एक खूण चुकली.
चार आणे. सव्वाआठ फूट.
दोन्ही उताऱ्यांच्या मधे एक पट्टी उरली,
बांधापासून ओढ्यापर्यंत, कुणाचीच नाही.
घरी येऊन बेरीज केली तेव्हा कळलं.
कागद पुढं गेले होते.
मी पेन्सिल कानावर ठेवली आणि जेवायला बसलो.

पुढच्या वर्षी त्या पट्टीत निंगव्वा दिसली.
कुठून आली, कुणी टाकली, विचारलं नाही.
सव्वाआठ फुटांत झोपडी बसते,
आडवं झोपलं तर पायही पुरतात.
भाऊ दोघं वर्षभर एकमेकांकडं बोट दाखवत राहिले,
‘त्याच्यात हाय’, ‘न्हाई, त्याच्यात’,
तेवढ्यात तिचा दोडका वेलीला लागला.
रस्त्याकडेला तिनं रांजण मांडला.
ट्रक थांबायचे. ती म्हणायची, ‘नीर कुडीरी.’
मीही प्यालो. चोरासारखा प्यालो.
तिनं कधी माझ्या साखळीकडं पाहिलं नाही,
किंवा पाहिलं असेल.

सत्तावीस वर्षं ती जगली तिथं
कुठल्याच नमुन्यात न बसता.
गेली, तेव्हा दोन्ही भावांच्या सुनांनी
खांदेकऱ्यांना चहा केला.

परवा अश्विनी हाक्के आली, नवी भूकरमापक.
तिच्या काठीवर पांढरी टोपी,
टोपी थेट आभाळाशी बोलते.
रेवाप्पा असता तर हसला असता.
दोन भोंगे वाजले, ती थबकली.
‘काका, इथं चार आणे जास्त येतात.’
तिनं चार आणे म्हटलं नाही खरं तर,
दोन दशांश पन्नास असं काहीतरी म्हटलं.

पट्टीत आता एक लिंब, फुटका रांजण,
आणि वेलीचं वाळकं जाळं.
मी म्हणालो, ‘बाई, ऊन फार आहे.
आधी पाणी पी.’
ती बाटली शोधू लागली.
मी त्या लिंबाखाली बसलो,
पाय लांब केले.
पुरले.