अडीचशे शब्दांत

फॉर्म म्हणतो, उमेदवाराच्या नेतृत्वगुणांविषयी लिहा,
अडीचशे शब्दांत.
मी लॅब असिस्टंट. माझी सही फेलोशिपला चालत नाही,
हे सुमलीला ठाऊक आहे.
"सही सर करतील, काका. लिहा तुम्ही.
सरांनी मला बघितलंय तीन वेळा."

म्हणून रावपुऱ्यातल्या खोलीत, जेवण आटोपून,
कागद घेऊन बसलोय.
घरी मराठी, दुकानात गुजराती, फॉर्मवर इंग्रजी;
विचार मात्र मला एकाच भाषेत येतो,
नि तोही सावकाश.

सुमली राठवा. एम.ई., स्ट्रक्चर. गाव छोटाउदेपूरच्या पुढे.
काम : फाउंड्रीतली टाकाऊ वाळू काँक्रीटमध्ये घालून बघणं.
मकरपुऱ्याहून पहिलं पोतं आणलं ते तिनंच,
रिक्षात, मांडीवर.

बत्तीस वर्षं मी ठोकळे फोडतोय.
अठ्ठावीस दिवस पाण्यात, मग मशीनखाली.
काटा चढतो, चढतो, अडखळतो,
आणि एक आवाज.
त्या आवाजाआधी आम्ही ओरडायचो : सरका!
जैनिल सरकायचा नाही. जैनिलला ऐकू येत नाही.
सबंध पहिलं सत्र तो दाराजवळच्या स्टुलावर
वही भरत बसला.
कुणी बसवलं नव्हतं त्याला तिथं.
आम्ही ओरडत होतो, एवढंच.

एका दुपारी सुमलीनं लाल दिवा लावला,
जुन्या बाजारातला, कुठल्याशा ट्रकच्या पाठीमागचा.
बटण माझ्या हाताशी.
आता कुणीच ओरडत नाही.
जैनिल टेबलाला तळहात टेकून उभा राहतो
आणि काटा अडखळायच्या आत बोट वर करतो.
दोनदा माझ्याआधी.

हे नेतृत्वात बसतं का?
पुतणीला विचारलं. ती म्हणाली,
काका, 'इनिशिएटिव्ह' लिहा.

टाकी धुणाऱ्या कांताबेन एकदा पुटपुटल्या,
"बारी तरफनुं पाणी ऊनुं रहे छे."
बत्तीस वर्षं माझ्यासमोर पुटपुटल्या असतील.
सुमलीनं थर्मामीटर बुडवला : खिडकीकडे तीन अंश जास्त.
रिपोर्टात आभारांच्या आधी, निरीक्षणांत,
कांताबेनचं नाव घातलं.
सरांनी खोडलं. तिनं पुन्हा लिहिलं.
सरांनी परत खोडलं नाही,
फक्त स्पेलिंग दुरुस्त केलं.

चूकही लिहायला हवी, नाहीतर शिफारस खोटी वाटते.
मार्चमध्ये घाईघाईत तिनं नऊ ठोकळ्यांवर उलटे नंबर घातले.
मुबीनच्या ते ध्यानात आलं. बोलला चौथ्या दिवशी.
तोवर सहा फुटले होते.
ती रागावली, मी होतो तिथं, चांगली रागावली,
वही आपटली. मग वही उचलून विचारलं,
"माझ्याशी बोलायला चार दिवस का लागले तुला?"
मुबीन गप्प.
चूक तिला लागली नाही, तेवढे ते चार दिवस लागले.
त्यानंतर सोमवारच्या बैठकीत ती शेवटी बोलते.
फार अवघड जातं तिला. पेनचं टोपण चावते.

बाहेरून कमिटी आली तेव्हा विचारलं,
तुमच्यात लीडर कोण?
मुबीननं जैनिलकडे बोट केलं, जैनिलनं मागे,
मागे ती दिव्याची वायर धरून उभी,
कारण नेमका तेव्हाच होल्डर सैल झालेला.
कमिटीनं वहीत काय टिपलं, कोण जाणे.

पुतणी म्हणते, शब्द फार झाले, निम्मे काढा.
कांताबेनना काढलं तर सुमली परत लिहील.
चार दिवस काढले तर उरतं काय?
आणि दिवा काढता येत नाही,
वायर आता भिंतीत गेलीय.

साडेअकरा वाजले.
उद्या सहा ठोकळ्यांचे अठ्ठावीस दिवस भरतात,
सातला किल्ली घेऊन पोचायचंय.
काय खोडायचं ते सरांनी बघावं.